स्वतः जुळवलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा रेषेत येत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉडी एकाकडून, नेक (गिटारची मान) दुसरीकडून, बॉडीवर तारा धरणारा ब्रिज ऑनलाइन मागवलेला. सगळं घरी जुळवलं, तारा चढवल्या, आणि पहिली तार फ्रेटबोर्डच्या, म्हणजे नेकवरच्या बोटं ठेवायच्या फळीच्या, काठावरून खाली घसरायला लागली. अशी गिटार घेऊन कोल्हापुरातली, इचलकरंजीची, गडहिंग्लजची मुलं दुरुस्तीला येतात तेव्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे स्ट्रॅट किंवा टेली (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर) घाटाची, चार स्क्रूंनी नेक जोडलेली, ६४८ मिमी स्केलची (तारेची वाजणारी लांबी) आणि २२ फ्रेटची (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) गिटार गृहीत धरली आहे. पहिली तार म्हणजे सर्वात पातळ, सहावी म्हणजे सर्वात जाड.

तारा रेषेत नाहीत हे ओळखायचं कसं?

गिटार मांडीवर घ्या. पहिली तार बाराव्या फ्रेटच्या पुढे कुठेही दाबा आणि व्हायब्रेटो करताना ओढता तेवढीच बाहेरच्या बाजूला ओढा. तार फ्रेटच्या टोकावरून निसटली तर तिला जागा कमी पडतेय. आता सहाव्या तारेकडे बघा. तिच्या बाहेर भरपूर फ्रेटबोर्ड मोकळा दिसत असेल, तर सगळ्याच तारा एका अंगाला गेल्या आहेत.

यापुढे नजरेवर जाऊ नका, व्हर्नियर घ्या. माप फ्रेटबोर्डच्या काठापासून घ्यायचं नसतं. फ्रेटचं टोक तिरकं कानसलेलं असतं. तो उतार जिथे सुरू होतो तिथपासून तारेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, कारण उतारावर तार टिकतच नाही. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही अंगांना दीड-दोन मिमी सपाट फ्रेट मिळाली तर गिटार बिनधास्त वाजते. दोन्हीकडे अगदी समान जागा असायलाच हवी असं नाही. मी स्वतः पहिल्या तारेला थोडी जास्त जागा देतो, कारण बाहेरच्या बाजूला घसरण्याची तक्रार जवळपास नेहमी तिचीच असते.

बिघाड नेकमध्ये आहे, ब्रिजमध्ये की नटमध्ये?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही.

तार म्हणजे दोन टोकांमधली सरळ रेषा. एक टोक नटच्या (हेडस्टॉकजवळची, म्हणजे खुंट्यांच्या टोकाजवळची खाचांची पट्टी) खाचेत, दुसरं सॅडलवर (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा). मधे नेक कुठे आहे याच्याशी तारेला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे तार काठाला गेली याचा अर्थ तीनपैकी एक: नटची खाच चुकीच्या जागी आहे, ब्रिज चुकीच्या जागी आहे, किंवा दोन्ही ठीक असून नेक तारांखाली तिरका बसलाय. बऱ्याचदा यातल्या दोन गोष्टी एकत्र असतात.

तारा चढवलेल्या असतानाच पहिल्या, बाराव्या आणि शेवटच्या फ्रेटवर दोन्ही काठांना मापं घ्या. सहा आकडे कागदावर लिहा. पहिल्या फ्रेटवर दोन्हीकडे सारखं, पण पुढे जाल तसा फरक वाढतोय, तर नट निर्दोष आहे. नेक तिरका आहे किंवा ब्रिज सरकलेला आहे. पहिल्या फ्रेटवर फरक आणि शेवटी जवळपास नाही, तर नट बघा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर नट आणि ब्रिज दोन्ही एकाच दिशेला गेलेत. आणि दोन्ही काठांना जागा सारखी पण दोन्हीकडे अपुरी, तर रेषेचा प्रश्नच नाही, ब्रिजची रुंदी तुमच्या नेकला जास्त होतेय. त्याचं उत्तर पुढे आहे.

नेक की ब्रिज, हे ठरवायला दोरा लागतो. तारा काढा. नटच्या मध्यावर आणि शेवटच्या फ्रेटच्या मध्यावर मास्किंग टेप लावून टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ मारा. शिवणाचा दोरा या दोन रेघांवरून ब्रिजच्या मागपर्यंत ताणून चिकटवा. दोरा तिसऱ्या आणि चौथ्या सॅडलच्या बरोबर मधून गेला पाहिजे. नाही गेला, तर किती बाजूला गेला ते मोजून ठेवा, कारण हाच आकडा पुढची सगळी कामं ठरवतो. एक मिमीच्या आत असेल तर नेक सरकवून भागतं. दोन मिमी किंवा जास्त असेल तर कुठली तरी भोकं नव्याने पाडावी लागणार. एक ते दोनच्या मधे असेल तर आधी नेक सरकवून बघा, बाकीचं नंतर.

नेकचे स्क्रू सैल करून हेडस्टॉक ओढायचा म्हणतात, ते खरंच चालतं का?

चालतं, आणि पहिला उपाय हाच. यात काही कापावं लागत नाही, काही भरावं लागत नाही, आणि जमलं नाही तर गिटार होती तशी राहते.

तारा एक-दोन सूर उतरवा, पण काढू नका. थोडा ताण राहिला तर तारा कुठे चालल्यात ते डोळ्यांसमोर दिसतं. पूर्ण ताणाखाली मात्र स्क्रू सैल करू नका. १० ते ४६ च्या (इंचाच्या हजाराव्या भागात तारांची जाडी) संचाचा सुरात असताना एकूण ताण साधारण ४६ किलो होतो आणि तो नेकची टाच (बॉडीत बसणारं टोक) तिच्यासाठी बॉडीत कोरलेल्या खोबणीतून वर उचलतो. नेकचे चारही स्क्रू पाव ते अर्धा फेरा सैल करा, त्याहून जास्त नाही. बॉडी मांडीत घट्ट धरा आणि हेडस्टॉक हव्या त्या बाजूला सावकाश, सारखा दाब देत ओढा. बऱ्याचदा ‘टक’ असा बारीक आवाज येऊन नेक सरकतो. तसाच धरून ठेवा आणि दुसऱ्याला स्क्रू पिळायला सांगा, समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन. एकट्याने करताना हात सुटतो आणि नेक परत जागेवर येतो, म्हणून जोडीला कुणीतरी घ्याच.

ओढायचं कुठल्या बाजूला? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

पहिली तार काठाला गेली असेल तर हेडस्टॉक जाड तारांच्या बाजूला. सहावी काठाला गेली असेल तर पातळ तारांच्या बाजूला. वाजवायला धरलेल्या गिटारवर पहिल्या तारेच्या तक्रारीसाठी हेडस्टॉक वर, छताकडे जातो.

गोंधळ होतो तो यामुळे की कुणी हेडस्टॉकची दिशा सांगतो तर कुणी टाचेची, आणि नेक खोबणीत फिरतो तेव्हा ही दोन टोकं उलट दिशांना जातात. तुम्ही नेहमी नटकडचं टोक डोळ्यांसमोर ठेवा. नट जाड तारांकडे गेला की सगळ्या तारा त्याच्याबरोबर तिकडे जातात, टाच मात्र जवळजवळ जिथल्या तिथे राहते, म्हणून टाचेजवळ पहिल्या तारेखाली फ्रेटबोर्ड मोकळा होतो.

ओढलं, पण फरक जाणवेना. किती ओढायचं असतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. २२ वा फ्रेट नटपासून ४६६ मिमीवर असतो आणि तिथून सॅडल १८२ मिमीवर. या अंतरांमुळे नट एक मिमी सरकला तर शेवटच्या फ्रेटवर तारा जेमतेम ०.२८ मिमी सरकतात. म्हणजे तुमचा दोरा ब्रिजवर एक मिमी चुकत होता, तर ते भरून काढायला नट अडीच मिमीच्या आसपास सरकला पाहिजे. लोक अर्धा मिमी ओढतात, तारा ढिम्म हललेल्या दिसत नाहीत, आणि लगेच ब्रिज उखडायला घेतात. घाई करू नका. हेडस्टॉकच्या टोकाखाली टेबलावर कागद चिकटवून आधीची आणि नंतरची जागा पेन्सिलीने मांडा; नेक खरोखर किती फिरला ते कळतं.

स्क्रू सैल केले तरी नेक हलायचं नाव घेत नाही.

मग बहुतेक स्क्रूंचे आटे बॉडीच्या लाकडातही धरले आहेत. हे जुळवलेल्या गिटारमध्ये सर्रास दिसतं. आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. बॉडीतून स्क्रू बोटाने ढकलला तरी सरळ आरपार गेला पाहिजे. नेकचा नेहमीचा स्क्रू ४.२ मिमी जाडीचा असतो, तेव्हा बॉडीतलं भोक ५ मिमीच्या बिटने मोकळं करा. त्या मोकळिकीतूनच नेकला बाजूला सरकायला जागा मिळते. आणखी एक फायदा आहे. आटे दोन्हीकडे धरले की स्क्रू कितीही पिळला तरी बॉडी आणि नेकमधे केसभर फट राहून जाते, नेक पुरता आवळलाच जात नाही. भोकं मोकळी केल्यावर तोच स्क्रू नेकला खोबणीत गच्च ओढून घेतो, आणि बऱ्याच गिटारी सूर का सोडत होत्या याचं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरं कारण रंग. खोबणीच्या भिंतींवर लॅकर किंवा पीयूचे (पॉलीयुरेथेन) थर चढले की नेक ठोकून बसवावा लागतो. ठोकू नका. खोबणीच्या कोपऱ्यात रंग तडकतो आणि ती चीर बॉडीच्या दर्शनी भागावर पसरते. सपाट लाकडी ठोकळ्याला १८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून भिंती हलक्या घासा. तळ घासू नका, तो सपाटच राहिला पाहिजे. आणि स्क्रूड्रायव्हर खुपसून नेक उचकटू तर मुळीच नका.

माझ्याकडे उलटं आहे. नेक खोबणीत खुळखुळतो.

७५ मिमी लांबीच्या खोबणीत ०.२ मिमी मोकळीक असली तरी नटजवळ ती सव्वा मिमी होते. तेव्हा थोडी मोकळीक चांगलीच, पण ती तुमच्या कामाला लावून मग बंद करायची.

त्यासाठी बाजूने पाचर द्या. व्हिनियरची पट्टी सर्वात उत्तम. जाड व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा तात्पुरता चालतो. जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, बहुतेक खोबणींना ते जास्तच होतं. हेडस्टॉक जाड तारांकडे न्यायचा असेल तर एक पाचर खोबणीच्या तोंडाशी पातळ तारांकडच्या भिंतीला, दुसरी नेकच्या टाचेच्या टोकाशी जाड तारांकडच्या भिंतीला. अशा तिरप्या जोडीने नेक फिरलेल्या जागी पक्का धरला जातो आणि सहजी हलत नाही. तारा दुसऱ्या बाजूला न्यायच्या असतील तर पाचरीही उलट बाजूंना.

नेकच्या खाली, तळाला द्यायची पाचर वेगळी. ती नेकचा मागेपुढे कल बदलते आणि तारांची उंची सुधारते. तारा बाजूला सरकण्याशी तिचा संबंध नाही.

ब्रिज बॉडीच्या बरोबर मध्यावर बसवलाय, तीनदा मोजून. तरी तारा तिरक्या का?

कारण तारांना बॉडीचा मध्य ठाऊक नसतो. ब्रिज नेकच्या रेषेवर बसवायचा असतो. दोन तुकडे जोडून केलेल्या बॉडीवर मधोमध जोडाची रेघ दिसते आणि ती मध्यरेषा समजून ब्रिज बसवला जातो. पण खोबणी त्या रेघेपासून अर्धा-एक मिमी हटून कापलेली असू शकते, नेकच्या स्क्रूंची भोकं आणखी थोडी हटलेली असू शकतात. नेक एका कारखान्यातला आणि बॉडी दुसऱ्या कारखान्यातली असेल तर या चुका एकमेकींत मिसळतात. कंपनीच्या गिटारमध्ये सगळं एकाच साच्यावर कापलेलं असतं म्हणून तिथे हा घोळ कमी होतो.

मिरजेत सतार करणाऱ्या कारागिराला ही अडचण येत नाही, कारण सतारीची घुडच, म्हणजे तिचा ब्रिज, तारांच्या दाबावर उभी असते आणि तारा सैल करून सरकवता येते. आपला ब्रिज स्क्रूंनी जखडलेला. म्हणून भोक पाडण्याआधीच खात्री करायची. नेक आधी कायमचा आवळा, मग दोरा लावा, मग ब्रिज.

दोऱ्यावर ब्रिज टेपने तात्पुरता चिकटवला की एवढ्यावर थांबू नका. दोन दोरे घ्या, एक नटच्या पहिल्या खाचेतून पहिल्या सॅडलवर, दुसरा सहाव्या खाचेतून सहाव्या सॅडलवर. दोन्ही काठांना शेवटच्या फ्रेटवर सारखी जागा सुटतेय का ते बघा. जमलं की त्याच वेळी अंतरही पक्कं करा. नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा, ३२४ मिमीच्या जवळ येईल, आणि त्याची दुप्पट म्हणजे पहिल्या सॅडलची जागा. ती जागा सॅडल जवळपास पूर्ण पुढे असताना यायला हवी, कारण प्रत्यक्षात पहिली तार एक-दोन मिमी आणि सहावी तीन ते पाच मिमी मागे घ्यावी लागते. सगळं मनासारखं दिसलं की मगच भोकांच्या खुणा करायच्या. घाईत खूण, फुरसतीत दुरुस्ती असा हा प्रकार आहे.

ब्रिजची भोकं भरून नवी पाडायची असतील तर?

जुनं भोक न भरता त्याच्याशेजारी एक मिमीवर ड्रिल लावलं तर बिट घसरून जुन्याच भोकात जातो. म्हणून भरणं आलंच. जुनं भोक ६ मिमीच्या बिटने साफ गोल करा, सागवान किंवा शिसवीसारख्या घट्ट लाकडाची त्याच मापाची खुंटी करा, फेविकॉल लावून ठोका आणि चोवीस तास वाळू द्या. वर आलेला भाग धारदार पटाशीने उडवा. माचिसच्या काड्या आणि टूथपिक कोंबून भागवतात, ते पिकगार्डच्या स्क्रूला ठीक; तारांचा ताण झेलणाऱ्या ब्रिजला नको.

खुंटीचा एक दोष लक्षात ठेवा. तिच्या रेषा उभ्या असतात आणि स्क्रूही उभाच जातो, त्यामुळे आटे थोडे कमी धरतात. सुताराकडून आडव्या रेषांची बुच्चं कापून घेतलीत तर पकड जास्त चांगली येते. नेकची भोकं बदलत असाल तर हा खर्च कराच. नेकमधल्या नव्या भोकाला ३.२ मिमीचा बिट, ब्रिजच्या स्क्रूंना त्यापेक्षा बारीक, आणि स्क्रूच्या आट्यांना थोडं साबण किंवा मेण. मेपलमध्ये कोरडा स्क्रू पिळताना त्याचं डोकं तुटतं आणि मग तो काढायचं काम मूळ कामापेक्षा मोठं होतं.

ट्रेमोलो ब्रिज (दांड्याने झुलवता येणारा) असेल तर किती सरकवता येईल याला मर्यादा आहे. खालचा ठोकळा बॉडीच्या आरपार कापलेल्या पोकळीत झुलतो. ब्रिज दोन मिमी सरकवलात आणि ठोकळा पोकळीच्या भिंतीला घासला, तर पोकळीच वाढवावी लागेल. अशा वेळी ब्रिज तसाच ठेवून नेकची भोकं बदलणं सोपं पडतं.

दोन्ही काठांच्या तारा कडेला आल्यात. काय चुकलं?

ब्रिज रुंद घेतला गेलाय. जुन्या धाटणीच्या सहा स्क्रूंच्या स्ट्रॅट ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर ५६.४ मिमी असतं. दोन खांबांवर बसणाऱ्या आधुनिक ब्रिजवर ते साधारण ५२.५ मिमी, काहींवर ५४ मिमी. नटवर पहिली ते सहावी ३५ मिमी आणि शेवटच्या फ्रेटशी नेक ५६ मिमी रुंद धरला, तर ५६.४ च्या ब्रिजने दोन्ही काठांना २.८ मिमी उरतात, ५२.५ च्या ब्रिजने ४.२ मिमी. फ्रेटच्या टोकाचा उतार यातूनच वजा होतो. उतार जास्त पडला असेल तर २.८ मधून वापरण्यासारखं फारसं काही उरत नाही.

यावर उपाय म्हणजे अरुंद ब्रिज. पण मागवताना तारांचं अंतर आणि स्क्रूंचं अंतर ही दोन्ही मापं बघा. आयात केलेल्या स्वस्त ब्रिजची भोकं बऱ्याचदा जुन्या मापाच्या भोकांवर बसत नाहीत. आधीची भोकं तशीच वापरायची असतील तर त्याच प्लेटवर बसणारी, तारा थोड्या आत घेणारी सॅडलं शोधा.

नेक विकत घेण्याआधीच ही मापं जुळवलीत तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

सॅडल तिरकी दिसतात. त्याने फरक पडतो?

पडतो. प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बारीक स्क्रू असतात. एक वर, एक खाली राहिला की सॅडल कलतं आणि तार उताराच्या बाजूला सरकते. रुंद सॅडलं अरुंद प्लेटवर बसवली तर ती एकमेकांना रेटतात आणि शेवटची बाहेर फेकली जातात. टेलीवर तीन पितळी सॅडलं असतील आणि त्यांना खाचा नसतील, तर जोरात वाजवताना तार सॅडलवरच सरकते. तिथे बारीक कानशीने अगदी उथळ खाच पाडा, तार बसेल एवढीच. लेस पॉल घाटाच्या ब्रिजवर तर सॅडलच्या खाचा कोरूनच घ्यायच्या असतात, त्यामुळे नवीन सॅडल घेऊन खाच हव्या त्या जागी अर्धा मिमी सरकवता येते. चिकटवलेल्या नेकच्या गिटारवर, जिथे नेक हलवताच येत नाही, हा उपाय फार उपयोगाचा.

नट सरकवता येतो का?

आधी हलका धक्का देऊन बघा. नट डिंकाच्या दोन थेंबांवर बसवलेला असतो. लाकडाचा छोटा तुकडा लावून बाजूने टिचकी मारली की सुटतो. अर्धा मिमी सरकवून परत चिकटवा आणि बाहेर आलेलं टोक कानसून टाका. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

खाचाच चुकल्या असतील तर नवा नट. प्लास्टिकपेक्षा हाडाचा घ्या. पहिली आणि सहावी तार काठापासून सुमारे तीन मिमी आत ठेवा, आणि मधल्या तारा वाटताना तारांच्या मध्यांमधलं अंतर सारखं न ठेवता दोन तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवा. जाड तारा जास्त जागा घेतात. मध्यांवरून वाटल्यात तर पाचवी आणि सहावी एकमेकींना चिकटून आल्यासारख्या लागतात.

एकच खाच बिघडली असेल तर ती खाण्याच्या सोड्याने भरून वर फेविक्विकचा थेंब टाकतात आणि परत कोरतात. पातळ तारांसाठी काही महिने निभावतं.

ट्रस रॉड फिरवून तारा रेषेत येतील?

नाही. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला धातूचा दांडा, नेकचा पुढे-मागे बाक बदलतो, डावी-उजवी दिशा नाही.

तारा पिकअपच्या (तारांचा कंप पकडणारा चुंबकी भाग) खिळ्यांवर बरोबर येत नाहीत.

एखादा मिमी इकडे-तिकडे असेल तर सोडून द्या, कानाला कळत नाही. अरुंद हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) रुंद ब्रिजजवळ बसवलाय आणि पहिली तार खिळ्याच्या पार बाहेर गेलीय, असं असेल तर ५३ मिमीच्या आसपास अंतर असलेला हंबकर किंवा खिळ्यांऐवजी सलग पट्टी असलेला पिकअप घ्या. पण तारांची रेषा पिकअपवरून कधीही ठरवू नका. रेषा नेकवर बघायची.

आपल्याकडच्या पावसाने नेक सरकतो का?

कोल्हापूरचा जुलै-ऑगस्टचा दमट पंधरवडा नेकचा बाक बदलतो, तारांची उंची बदलतो. बाजूची रेषा सहसा बदलत नाही. गणपतीच्या कार्यक्रमांआधी तार अचानक काठाला गेलेली आढळली, तर पावसाला दोष देण्याआधी नेकचे स्क्रू तपासा. गिटार कुठेतरी आपटली असते किंवा स्क्रू सैल पडलेला असतो. मात्र खोबणी घासायची किंवा पाचर कापायची तर कोरड्या दिवसांत करा. ओल धरलेलं लाकूड फुगून खोबणी आवळते, तेव्हा मापाने घासलेला नेक मार्चमध्ये खुळखुळतो.

ही हत्यारं कोल्हापुरात कुठे मिळतील?

बहुतेक सगळी गावातच. व्हर्नियर, फीलर गेज, स्टीलची सरळ पट्टी आणि बारीक ड्रिल बिट शिवाजी उद्यमनगर भागात सहज मिळतात. कारखान्यांचं गाव असल्याचा हा फायदा. गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करायच्या सुयांचा संचही तिथेच घ्या. त्या वेगवेगळ्या जाडीच्या, खरबरीत सुया नटच्या खाचा रुंद करायला छान चालतात, आणि नटच्या खास कानशींच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात. सुई-कानस सोनारकामाच्या हत्यारांत मिळते, हुपरीचे चांदी कारागीर वापरतात तीच.

हाडाचा नट हवा असेल तर मिरज जवळ आहे. सतार आणि तंबोऱ्यासाठी ते गाव नावाजलेलं, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्याच्या तारांखाली बसणारा तुकडा किती काटेकोर घासावा लागतो हे तिथल्या कारागिरांना सांगावं लागत नाही. फक्त गिटारचा नट त्यांच्या रोजच्या कामातला नाही, म्हणून जुना नट, लांबी, जाडी, उंची आणि तारांची जागा कागदावर काढून न्या.

सुताराला दिलं तर चालेल?

भोकं भरायला, बुच्चं कापायला, खोबणी साफ करायला जरूर द्या. चांगल्या सुताराचा हात आपल्यापेक्षा शंभरपटीने बसलेला असतो. पण भोकाची जागा त्याने ठरवायची नाही. खूण तुम्ही दोऱ्याने करून द्या आणि भोक पाडताना समोर उभे राहा. सुतार सवयीने लाकडाचा मध्य काढतो, आणि इथे नेमकं तेच चालत नाही.

सगळं रेषेत आलं. आता परत काय तपासू?

नेक फिरला की सॅडलपासूनची अंतरं किंचित बदलतात, तेव्हा इंटोनेशन पुन्हा लावा: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून येणारा सूर) ट्यूनरवर जुळेपर्यंत सॅडल मागेपुढे. सूर चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे. मग गिटार सुरात लावून एक रात्र तशीच ठेवा. सकाळी तारा थोड्या उतरवून नेकचे चारही स्क्रू एकदा आवळा, कारण नवी पाचर किंवा घासलेली खोबणी ताणाखाली जराशी दबते. परत सुरात लावा आणि शेवटच्या फ्रेटवरची दोन मापं घ्या. आकडे कालचेच असतील तर कंट्रोल कव्हरच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे कधी गिटार पडली, तर नेक हलला की नाही हे दोन मिनिटांत कळेल.